नरसाळ्याची सनई

ल्वो माओलिन हिरव्या केसांच्या पोरीचा हात धरून दक्षिणेला पळाला, ही बातमी आमच्या आवारात पहिल्यांदा फुटली ती माझ्याच दुकानातून. खोटं कशाला बोलू, फोडली मीच. सकाळी भाजी निवडत बसलेल्या तीन बायकांच्या कानावर घातली. दुपारी ती बॉयलरच्या खोलीपाशी पोचली तोवर लोकांनी पोरीला दिवससुद्धा घालवून टाकले होते. संध्याकाळी लिएनफांग वहिनी, म्हणजे ल्वोची बायको, गुडघे धरत धरत दुकानात आली. व्हिनेगरची रिकामी बाटली फळीवर ठेवली आणि वयाच्या मानाचं ‘लाओ’ लावून मला म्हणाली, “लाओ शु, ती पोरगी माझ्याकडं पाठवून दे बाबा. नळावरनं पाणी आणायला कुणीतरी हवंच आहे मला.”

तर आता दुरुस्ती. ती पोरगी नव्हती, पोरगा होता. गिरणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा मुलगा. केस खांद्यापर्यंत आणि रंग असा, की सगळे त्याला पालकच म्हणायचे. आणि ल्वो पळालाही नव्हता. चार लांबकेस्या पोरांच्या वाद्यवृंदात सनई वाजवायला तो दौऱ्यावर गेला होता. पण सत्तावन्नाव्या वर्षी असल्या ध्यानांबरोबर आपल्याला कुणी बघू नये म्हणून उजाडायच्या आत फाटकातून सटकला, आणि मी नेमका शटर उघडत होतो. पाठमोरे केस दिसले, पुढचं मी जोडलं. एवढाच माझा गुन्हा.

ल्वो आमच्या सूतगिरणीत तेलवाला होता. चात्यांना तेल पाजायचं, एवढंच काम, सत्तावीस वर्षं. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात पत्र्याचं नरसाळं. सनई हा त्याचा खरा धंदा, पण तो सुट्टीच्या दिवसाचा. वेइ नदीच्या आमच्या काठावर माणूस मेला की सनईवाचून तो गेला असं कुणी धरत नसे. ल्वोचा आजा वाजवायचा, बाप वाजवायचा. सनईच्या तोंडाचा पितळी भोंगा आजाचा होता. घासून घासून इतका पातळ झालेला की उन्हात धरला तर आतली बोटं दिसतील असं वाटायचं. गिरणीने आम्हा सगळ्यांना घरी बसवलं त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी फाटकापाशी दुकान टाकलं, आवारातला एकुलता एक फोन माझ्याकडे आला आणि माझं बरं चाललं. ल्वोचं मात्र वाईट चाललं. लोक मयताला कॅसेट लावायला लागले होते.

पालकचा आजोबा वारला तेव्हा त्या घरात कॅसेट नव्हती, ल्वो होता. शवपेटीच्या शेजारी बसून त्याने अशी काही वाजवली, की पालकचे वाद्यवृंदवाले मित्र डोळे पुसायचं सोडून तोंड वासून बसले. त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव ‘लोखंडी कोबी’. म्होरक्या होता यान काइ नावाचा, सुकलेल्या शेवग्यासारखा पोरगा. तो दुसऱ्या दिवशी ल्वोच्या दारात.

“काका, तुमची सनई आमच्या गिटारच्या वर येते.”

“येणारच. मेलेल्या माणसाला ऐकू जायला हवी ती,” ल्वो म्हणाला. “तुमची गिटार कुणाला ऐकू जाते?”

“अजून कुणालाच नाही. म्हणून तर दौरा करतोय. बारा गावं, चाळीस दिवस. याल?”

वहिनी आतून म्हणाली, “जा. घरात बसून भिंतीला तेल पाजण्यापेक्षा बरं.”

ल्वोने होकार दिला, पण एक अट घातली. कागद करायचा. “बिनकागदाचं काम माझ्या बापाने केलं नाही. शेवटचा कार्यक्रम होईस्तोवर मी तुम्हाला सोडायचं नाही, तुम्ही मला सोडायचं नाही. खाली लाल अंगठे.” पोरं हसली, पण अंगठे उठवले. हा कागद त्याने स्वतः मागून घेतला, तेवढं लक्षात ठेवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दौरा म्हणजे काय, हे त्याला पहिल्याच गाडीत कळलं. माणसं पाच, बसायची तिकिटं तीन, उभ्याची दोन आणि ड्रमचे चार डबे. हिरवी गाडी, लाकडी पाठीची बाकं. वयाचा मान म्हणून ल्वोला बसायला दिलं आणि सर्वांत मोठा ड्रम त्याच्या मांडीवर ठेवला. शीआनपासून वुहानपर्यंत तो त्या ड्रमच्या मागे होता. समोरच्या बाईला म्हणे अर्ध्या वाटेपर्यंत वाटत होतं की ड्रमलाच टोपी घातलीय. पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत हेच कळेना. पलीकडे तिघं ड्रमवर पत्ते खेळायला लागले. ड्रम ल्वोच्या मांडीवर, पत्ते ड्रमवर, आणि डाव मोडेल म्हणून ल्वोला हलायची बंदी.

दुसऱ्या गाडीत त्याला उभ्याचं तिकीट आलं. दोन दिवस सनईला तोंड लागलं नव्हतं. ओठ सैल पडतात म्हणून तो संडासात शिरला, कडी लावली आणि हळू आवाजात रियाज करू लागला. आता स्टेशन जवळ आलं की डब्यावर नेमलेली रेल्वेची बाई किल्ली घेऊन संडासांना बाहेरून कुलूप लावते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ल्वोही जाणत होता. पण डोळे मिटले की तो कुठे असतो हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. कुलूप लागलं. त्याने दार बडवलं, हाका मारल्या, शेवटी जोरात सनई फुंकली. किल्लीवाल्या बाईला वाटलं, शेजारच्या रुळावर इंजिन आलं. दोन स्टेशनं गेली. बाहेर पाठ टेकून उभा असलेला पालक मध्येमध्ये दाराला तोंड लावून म्हणायचा, “काका, तो मघाचा तुकडा पुन्हा एकदा घ्या ना, फार छान येत होता.”

चांगशा गावात मुक्काम सार्वजनिक न्हाणीघरात. आंघोळ केली की तिथल्याच बाकावर टॉवेल गुंडाळून आडवं व्हायचं, खाटेचं भाडं वाचतं. कपडे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली काइच्या मनगटाला. म्हणजे ल्वोला अर्ध्या वाटेवर पळून जावंसं वाटलं असतं तरी टॉवेलवर जावं लागलं असतं. पळून जावंसं वाटत होतंच त्याला. वहिनीने बांधून दिलेले जाड वाळके रोट संपले होते. आमचा माणूस नूडल आणि व्हिनेगरवर वाढलेला. तिथे सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भाताच्याच शेवया. “हे पांढरे दाणे आम्ही कोंबड्यांना टाकतो,” तो काइला म्हणाला. काइ म्हणाला, “काका, कोंबडी मिळाली असती तर तीच नसती का खाल्ली?”

तिथेच पालकला ताप भरला. वहिनीने बंडीच्या अस्तरात परतीच्या तिकिटापुरते पैसे शिवून दिले होते. ल्वोने दातांनी टाके उसवले आणि औषधपाणी केलं. त्या दिवसापासून त्याच्याकडे परतायचा मार्ग एकच उरला: हे पोट्टे जिकडे जातील तिकडे जायचं आणि पुढच्या कार्यक्रमाला लोक येतील अशी आशा करायची. एका कार्यक्रमाला नऊ लोक आले. त्यातले दोघे झाडूवाले.

आता इकडची गोष्ट. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आवाराच्या भिंतीवर नोटीस लागली. आमच्या बैठ्या खोल्या पाडायच्या होत्या आणि त्यांच्या बदली गिरणीने नदीपलीकडे सहा-सहा मजल्यांच्या इमारती बांधल्या होत्या. लिफ्ट नाही. कुणाला कुठला मजला, त्याची सोडत दहा तारखेला, सकाळी नऊला, गिरणीच्या जुन्या भोजनगृहात. आणि खाली ठळक अक्षरांत: खोली ज्या कामगाराच्या नावावर, त्याने स्वतः यायचं, स्वतःच्या हाताने चिठ्ठी काढायची, स्वतःचा अंगठा उठवायचा. नाव तीनदा पुकारणार. आला नाही तर नाव यादीच्या शेवटी आणि उरलेला मजला त्याचा. हा नियम उगाच नव्हता. आदल्या सोडतीला लोकांनी नशीबवान हात भाड्याने आणले होते. एका चार वर्षांच्या पोराने तीन घरांना तळमजले काढून दिले आणि बदल्यात तीन कोंबडे नेले.

लिएनफांग वहिनीने वीस वर्षं गिरणीत ओल्या फरशीवर उभं राहून गुडघे घालवलेत. आमच्या नळाच्या दोन पायऱ्याही ती तिरकी होऊन उतरते. तिला तळमजला मिळणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. आणि तळमजला मलाही हवा होता, तेही सांगायला नको. दुकान तळमजल्यावरच चालतं.

ल्वोचा फोन तीन तारखेला आला.

“लाओ शु? म्हातारी कशी आहे?”

“मजेत. तू जिवंत आहेस का?”

“मेलो असतो तर बिनसनईचाच गेलो असतो, इथं मला वाजवायला कोण आहे? लवकर बोल, मिनिटाला पैसे पडतात. आवारात काही विशेष?”

मी नोटिशीकडे बघितलं. ती माझ्या काचेवरच चिकटवलेली होती. म्हटलं, “विशेष काय असणार? थंडी पडली.”

ताकास तूर लागू दिली नाही. सोडतीतून एक नाव आपोआप मागे पडत असेल, तर सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात आलं. आलं म्हणजे आलं. पुढचे दोन दिवस वहिनी रोज यायची, बाहेरच्या बाकावर बसायची, गुडघ्यांवर गरम पाण्याची बाटली धरून फोनकडे बघत राहायची. मला काही विचारायची नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. तिने न विचारता नुसतं बघितलं, त्याने माझा धंदा बसायची पाळी आली. पाच तारखेला फोन वाजला तेव्हा मी रिसीव्हर उचलला आणि ओरडलोच, “लाओ ल्वो, दहाला सोडत आहे! घरांची! तुझाच हात लागतो, तुझाच अंगठा लागतो. ताबडतोब नीघ!”

पलीकडे तो बोटांवर तारखा मोजत पुटपुटला. मग म्हणाला, “सातला शेवटचा कार्यक्रम आहे.”

“खड्ड्यात घाल कार्यक्रम!”

“अंगठा दिलाय मी,” म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

तिकडे काइने म्हणे तो कागद खिशातून काढून फाडायला घेतला. “काका, तुम्ही आत्ता निघा. भाड्याचं मी बघतो, घड्याळ विकतो माझं.” ल्वोने त्याचं मनगट धरलं. “फाडू नकोस. दिलेला अंगठा परत घ्यायचा नसतो. सातला वाजवतो, आठची गाडी धरतो, दहाला पोचतो.” हिशेब बरोबर होता. फक्त त्या हिशेबात ल्वो माओलिन नावाचा माणूस धरलेला नव्हता.

शेवटचं गाव ग्वेइचोवच्या डोंगरातलं. कार्यक्रम बरा झाला, परतीची तिकिटं निघाली. त्या गावातून आमच्या बाजूला दिवसाला एकच गाडी, दुपारी दोन दहाची; ती चुकली की सोडत चुकली. आठ तारखेला सकाळी अकराला सामान घेऊन पाचही जण स्टेशनाकडे निघाले. ल्वोच्या पिशवीचा बंद तुटलेला, म्हणून सनई हातात. रस्त्याच्या वळणावर मांडव होता. मयताचा. मांडवात सनई चालू.

सनईवाल्यांचा आपापसातला एक रिवाज आहे, आणि तो ल्वोने आम्हाला दारूच्या प्रत्येक बैठकीत ऐकवलेला आहे. दुसऱ्याच्या मांडवावरून जायचं असेल तर टोपी काढायची, मान खाली घालायची, सनई तोंडापासून लांब ठेवायची आणि निघून जायचं. आणि वाजवलीत, भले अर्धी ओळ, तर ते आव्हान. मग समोरासमोर बसायचं. जो आधी सनई खाली ठेवील तो हरला, आणि हरणाऱ्याने आपला भोंगा काढून जिंकणाऱ्याला द्यायचा.

ल्वोने टोपी काढली. मान खाली घातली. मांडवात वाजवत होती एक चाळिशीची ठासून भरलेली बाई, गाल असे की दोन्ही बाजूंना वाफेवरचे पाव ठेवलेत. तिने एक चाल उचलली आणि ल्वोचे पाय थांबले. ती चाल आमची होती. आमच्या नदीकाठची, शवपेटी उंबऱ्याबाहेर काढताना वाजवायची. तिथे ती कशी पोचली देव जाणे, पण शेवटची ओळ चुकलेली. उतरायला हवी तिथे चढवत होती.

“काका, चला,” काइ म्हणाला.

“शेवटची ओळ चुकीची आहे.”

“असू दे की. गेलेल्या माणसाची तक्रार आहे का?”

पुन्हा ती ओळ आली, पुन्हा चुकली. आणि ल्वोने सनई तोंडाला लावून ती फक्त दुरुस्त केली. एकच ओळ. शेजाऱ्याच्या पोराची गुंडी लावून द्यावी तितक्या सहज.

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. बाईने एक भुवई वर केली. कुणीतरी बाक आणून ल्वोच्या मागे ठेवला, कुणीतरी खांदे दाबून त्याला त्यावर बसवलं, आणि मागे गर्दी मिटली. ती वाजवू लागली. त्यालाही वाजवणं भाग होतं.

यात श्वास घ्यायला थांबता येत नाही. गालात हवा साठवायची आणि नाकाने आत ओढायची, सूर तुटू द्यायचा नाही. पोरं झाडावर चढून बसली. म्हातारे एकमेकांशी सिगारेटींच्या पैजा लावायला लागले. मयताचे मुलगे खूश. बापाला दोन-दोन सनया मिळाल्या, तेही एकीच्या पैशात. एकाने येऊन ल्वोच्या कमरेला पांढरं कापड बांधलं, म्हणजे तो आता घरचाच झाला. पुढे ती बाई, मागे गर्दी, उजव्या हाताला शवपेटी. डाव्या हाताला गल्लीच्या तोंडाशी स्टेशनचं घड्याळ दिसत होतं, मुद्दाम कुणीतरी त्याच्यासाठीच टांगल्यासारखं. बारा वाजले. साडेबारा.

काइ त्याच्या कानात ओरडत होता, “काका, गाडी!” ल्वो फक्त भुवया हलवत होता. त्या भुवया काय म्हणत होत्या यावर पोरांची अजून भांडणं होतात. काइचं म्हणणं, “सोडव मला.” पालकचं म्हणणं, “तोंड बंद कर, ऐकू येत नाही.”

एक वाजता पालकला युक्ती सुचली. फुंकणाऱ्याच्या समोर आंबट खाल्लं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि फुंकणं संपतं, हे जगजाहीर आहे. तो कोपऱ्यावरून लोणच्यातली आंबट आलुबुखारं घेऊन आला, बाईच्या नाकासमोर उभा राहिला आणि चोखून चोखून, मिटक्या मारत खाऊ लागला. पण ती ग्वेइचोवची. आंबट खाल्ल्याशिवाय तिकडे लोकांना चालायला पायात जोर येत नाही. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो पाच आठवडे व्हिनेगरला मुकलेल्या ल्वोवर. त्याच्या तोंडातून अशी धार लागली की सनईच्या भोकांतून थेंब गळायला लागले.

“पालक, गाढवा, बाजूला हो!” काइ किंचाळला. “आपल्याच म्हाताऱ्याला मारशील!”

ल्वोने तेही गिळलं, सुरासकट. एक वाजून वीस. एक पस्तीस. बाईच्या गालावर घाम, पण ती थकलेली नव्हती. तोही थकलेला नव्हता. तो मला म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत सांगतो: “लाओ शु, हरणार असतो तर सोपं होतं. मी जिंकत होतो. अजून तासाभरात ती बसलीच असती. आणि तो तासच नव्हता माझ्याकडं.”

त्याने चाळीस वर्षांत सनई आधी खाली ठेवली नव्हती. बापाने ठेवली नव्हती. आजाचा भोंगा तोंडासमोर चमकत होता आणि त्याच्यावरून पलीकडे घड्याळ. दोनला वीस कमी. त्याने ती चाल शेवटपर्यंत नेली, शेवटची ओळ नीट, उतरत उतरत वाजवली, आणि सनई मांडीवर ठेवली.

बाई आणखी चार सूर वाजवून थांबली.  ल्वोने भोंगा फिरवून काढला, बंडीला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. बाई तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मयताच्या थोरल्या मुलाने उलगडून सांगितलं, “ती विचारतेय, उस्ताद, तुमच्यात अजून दम होता. खाली का ठेवली?”

“बायकोचे गुडघे दुखतात,” ल्वो म्हणाला.

मुलाने ते सांगितलं तेव्हा सगळा मांडव हसला, मयताचे मुलगेसुद्धा. बाई नाही हसली. तिने भोंगा परत पुढे केला. ल्वोने हात मागे घेतले. “रिवाज आहे. ठेवा.” मग तिने मांडवातल्या टोपलीतून केळीच्या पानातलं एक पुडकं त्याच्या पिशवीत कोंबलं. गाडीत उघडलं तर आत भाताच्याच वड्या.

फलाटावर पोचले तेव्हा दारातून सुई शिरेना. पोरांनी त्याला खिडकीतून घातला. डोकं गेलं, खांदे गेले, आणि पुढचा भाग अडकला. आत लोक ओढतायत, बाहेर पालक ढकलतोय, शिट्टी झाली, गाडी हलली. वीस पावलं तो तसाच, अर्धा आत अर्धा बाहेर गेला; मग आतल्या एका सैनिकाने पट्टा धरून हिसडा मारला. पुढे दोन गाड्या, मिळून जवळजवळ चाळीस तास, संडासासमोरच्या जागेत. त्याला आधाराची गरजच नव्हती. चारी बाजूंनी माणसं होती. झोप लागली तरी पडायला जागा नव्हती.

दहा तारखेला सकाळी नऊला आम्ही भोजनगृहात होतो. लाल कापडाच्या पेटीत चिठ्ठ्या. माझं नाव आधी आलं. मी हात घातला आणि काढला: तिसरी इमारत, दुसरा जिना, पाचवा मजला. माझं तोंड कडू झालं. मग कारकुनाने पुकारलं, “ल्वो माओलिन!”

वहिनी भिंतीला धरून उभी राहिली. “येतायत ते.”

“ल्वो माओलिन, दुसऱ्यांदा!”

“वाटेत आहेत. जरा थांबा की, साहेब.”

“थांबायला हे स्टेशन नाही, वहिनी. ल्वो माओलिन, तिसऱ्यांदा आणि—”

दार उघडलं. दाढी वाढलेली, कमरेला मयताचं पांढरं कापड तसंच, हातात बिनभोंग्याची सनई, बायकोच्या अंत्ययात्रेतून यावा तसा तो आत आला. बायकोच म्हणाली, “कोण मेलं?”

“कुणी नाही. सरक.”

पेटीत हात घातला. बराच वेळ आत ठेवला. चिठ्ठी काढून कारकुनाला दिली. कारकुनाने वाचलं आणि घसा साफ केला. “तिसरी इमारत. दुसरा जिना. सहावा मजला.”

ल्वोने अंगठा शाईत बुडवला आणि उठवला. तळमजला मिळाला तो हिशेबनिसाच्या मुलाला, वय बावीस, पाय घोड्यासारखे. ल्वो त्याच्याकडे अदलाबदलीचं विचारायला तीनदा गेला. तिसऱ्यांदा त्याने दार उघडलं नाही. मी कुणाकडे गेलो नाही. आणि तीन तारखेच्या त्या फोनचंही मी ल्वोला अजून सांगितलेलं नाही. वहिनीने ओळखून सांगितलं असेल तर माहीत नाही. सोडतीच्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “चला, डोक्यावर कुणी नाचणार नाही.”

नव्वद पायऱ्या आहेत. वहिनी पंधरवड्यातून एकदा खाली येते, ल्वोच्या पाठीवर. प्रत्येक वळणावर तो तिला कठड्यावर टेकवतो आणि दोघं भांडतात, म्हणजे त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. एरवी ती वर खिडकीत बसून, खाली जिन्याच्या तोंडाशी मी टाकलेल्या टपरीवर मला वरूनच हाका मारते आणि दोरीला बांधलेल्या टोपलीतून व्हिनेगर ओढून घेते.

भोंगा गेल्यावर ल्वोने आठ दिवस सनई हातात धरली नाही. मग त्याने गिरणीतलं तेलाचं जुनं नरसाळं शोधून काढलं, नळी कापली आणि सनईला बसवलं. आजाचा भोंगा रडायचा. हे नरसाळं रेड्याला सर्दी झाल्यासारखं वाजतं. रोज सकाळी सहाला वाजतं. जिन्यातल्या सगळ्यांनी मिळून मला बोलायला पाठवलं, बरोबर त्याच्या खालच्या घरातला म्हणून. मी वर गेलो. म्हटलं, “लाओ ल्वो, आजाचा भोंगा घालवलास, चाळीस तास उभा आलास, आणि मिळालं काय? मांजर झाडावर चढून बसतं तसे दोघं इथं वर अडकून पडलात. आता निदान हे पत्र्याचं गाणं तरी थांबव.”

त्याने नरसाळं बंडीला पुसलं आणि म्हणाला, “एकदा खाली ठेवली, कारण गाडी गाठायची होती. आता मला कुठलीच गाडी गाठायची नाही. आणि तू बरोबर माझ्या खाली राहतोस. तूच सांग, अडकलंय कोण?”